मोडक्या लोखंडाचे मोल

घराची वाटणी होते तेव्हा सोन्याचा हिशेब गुंजांवर होतो, भांड्यांची मोजदाद नगांवर होते, आणि एखाद्या जुन्या छायाचित्रासाठीही भावंडांत गोड तक्रार होते. मात्र घरामागच्या शेडमध्ये जाड फळीच्या कडेला बोल्टांनी आवळून बसविलेल्या एका काळ्या लोखंडी वस्तूकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कारखान्यातील माणसे तिला व्हाइस म्हणतात. दोन जबडे, त्यांना जवळ ओढणारा एक मळसूत्री दांडा आणि तो फिरविण्यासाठी एक आडवी मूठ, एवढाच या व्हाइसचा संसार! पण घरातील कर्त्या माणसाने आयुष्यभर जी कामे केली, त्यांपैकी कितीतरी कामे याच जबड्यांत धरून केलेली असतात.

असा व्हाइस धडधाकट आहे तोवर त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. तो मोडला म्हणजे मात्र घरात दोन पक्ष पडतात. तरुण मंडळी म्हणतात, "भंगारात द्या, बाजारात नवा मिळतो." वडीलधारी मंडळी म्हणतात, "आजोबांच्या हातचा आहे; कसाही करून सांधून घ्या." पहिल्या पक्षाला वस्तूची किंमत कळते, पण तिचे मोल कळत नाही, दुसऱ्या पक्षाला मोल कळते, पण लोखंडाचा स्वभाव कळत नाही. वस्तुतः या वादाचा निर्णय दोघांपैकी कोणाच्याही भावनेवर अवलंबून नसतो. तो त्या मोडलेल्या जागेतच लिहिलेला असतो. तो वाचता आला पाहिजे, इतकेच.

कॅसल हिलची शेडे

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या वायव्येस असलेल्या कॅसल हिल या उपनगरात हा प्रश्न आज विशेष रीतीने उभा राहतो. ही मूळची दारुग लोकांची भूमी. येथे १८०१ साली इंग्रजी वसाहतीचे सरकारी शेत सुरू झाले आणि हद्दपारीच्या शिक्षेवर आणलेल्या कैद्यांनी ही टेकडी साफ केली. त्याच कैद्यांनी ४ मार्च १८०४ रोजी बंड पुकारले. त्यांत आयर्लंडचे लोक पुष्कळ होते आणि त्यांचा पुढारी फिलिप कनिंगहॅम हा होता. दुसऱ्याच दिवशी सैनिकांनी ते बंड मोडून काढले आणि कनिंगहॅमला फाशी देण्यात आले. दुसऱ्याच्या हुकमावरून दुसऱ्याची जमीन कसणारे हात म्हणजे काय, हे या टेकडीने आधीच पाहिले होते.

पुढे येथे संत्र्या-लिंबांच्या बागा झाल्या. बागाईतदाराला कुदळीचा दांडा बसविणे, करवतीला धार लावणे, पंपाचा तुटलेला भाग घडविणे ही कामे घरीच करावी लागत; म्हणून मळ्याच्या शेडमध्ये व्हाइस असणे ओघानेच आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बागा जाऊन घरे उभी राहिली, तरी घरामागची शेड राहिली आणि शेडमधील बाकही राहिला. आता २६ मे २०१९ रोजी येथे मेट्रो रेल्वे सुरू झाल्यानंतर स्थानकाभोवती उंच इमारती वाढत आहेत. शेड असलेले घर सोडून लोक सदनिकेत जातात, आणि सदनिकेत बाकाला जागा नसते. मग शेड रिकामी करताना तो जुना व्हाइस उजेडात येतो. अंगावर मेलबर्नच्या डॉनचे, शेफील्डच्या रेकॉर्डचे किंवा यॉर्कशायरमधील शिपली गावच्या पार्किन्सनचे नाव ओतलेले असते. आणि अनेकदा त्याला एखादा तडाही गेलेला असतो.

तिसरा हात

सिडनीच्या पश्चिम आणि वायव्य भागांत स्थिरावलेल्या हिंदू कुटुंबांत मॉरिशस, फिजी आणि दक्षिण आफ्रिका येथून आलेली कुटुंबेही आहेत. त्यांचे पूर्वज गिरमिटावर गेलेले. मॉरिशसमध्ये १८३४ पासून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ झाला; पुढील काळात सुमारे साडेचार लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांतील मराठी माणसे होती. फिजीस पहिले जहाज, लिओनिडास, १४ मे १८७९ रोजी पोहोचले. कोठेही गेले तरी काम एकच होते : ऊस.

ऊस म्हटला की शेताबरोबर कारखानाही आला. मॉरिशसमध्ये १८५८ साली साखरेचे २५९ कारखाने होते असे सांगतात. फिजीतील बहुतेक साखर ज्या कंपनीच्या हाती होती, ती कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनी १८५५ साली याच सिडनीत स्थापन झालेली. तिने फिजीत नौसोरीचा कारखाना १८८२ मध्ये आणि लौटोकाचा १९०३ मध्ये सुरू केला. १९७३ साली तिने फिजीतून काढता पाय घेतला. प्रत्येक कारखान्यामागे एक लोहारखाना आणि एक दुरुस्तीखाना असे. उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या बापाचा मुलगा तेथे हरकाम्या म्हणून शिरला, फिटरच्या हाताखाली कानस धरावयास शिकला आणि पुढे स्वतः फिटर झाला, ही कथा एका घराची नव्हे. जमीन नसलेल्या माणसाला हातातील कसब हीच जमीन होती. कोऱ्या लोखंडाला जबड्यात पक्के धरून ठेवणारा व्हाइस हा त्या कसबाचा न थकणारा तिसरा हात होता.

म्हणून असा व्हाइस एखाद्या कुटुंबाबरोबर समुद्र ओलांडून आलेला असो, की येथे येऊन पहिल्या पगारांतून जुना विकत घेतलेला असो, त्याच्याविषयीची ओढ समजण्यासारखी आहे. पण ओढ ही दुरुस्तीची खात्री नव्हे. "जुने ते सोने" ही म्हण सोन्याच्या बाबतीतसुद्धा कसोटीच्या दगडावर घासूनच खरी करावी लागते.

धातूची ओळख

परीक्षेची पहिली पायरी म्हणजे हा व्हाइस कशाचा केला आहे, हे ओळखणे. लोहाराचा उंच लेग व्हाइस, ज्याचा एक पाय जमिनीपर्यंत पोहोचतो, तो बहुधा घडीव लोखंडाचा असतो. घणाचा मार त्या पायातून जमिनीत उतरतो, म्हणून तो ठोकाठोकीसाठीच जन्मलेला असतो. तो वाकला तर भट्टीत तापवून सरळ करता येतो, तुटला तर जाणता लोहार त्याला सांधू शकतो.

बाकावरचा व्हाइस बहुधा याहून वेगळा असतो. तो ओतीव लोखंडाचा, म्हणजे आपले कारागीर ज्याला बीड म्हणतात त्याचा असतो. साध्या करड्या बिडात शेकडा अडीच ते चार भाग कार्बन असतो आणि त्यातील बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने पसरलेला असतो. हे पापुद्रे आतल्या आत जणू हजारो बारीक भेगांसारखे वागतात. त्यामुळे बीड दाबाला फार बळकट, पण ताणाला दुबळे. दाब सोसण्याची त्याची शक्ती ताण सोसण्याच्या शक्तीच्या तिप्पट-चौपट असते. पोलाद मोडण्यापूर्वी वाकून सूचना देते. बीड सूचना न देता तुटते. ग्रॅफाइटचे गोळे करून बिडाला चिवटपणा आणण्याची युक्ती १९४८ साली जगापुढे आली. त्यापूर्वीचा ओतीव व्हाइस असेल तर तो ठिसूळ आहे असे धरून चालणेच शहाणपणाचे.

ओळख पटविण्याची खूण सोपी आहे. नजरेआडच्या जागी कानस चालवावी. बीड असेल तर काळसर भुकटी पडते आणि बोटे शिशाच्या पेन्सिलीने माखल्यासारखी होतात. पोलाद असेल तर चकाकणारे बारीक कीस निघतात. सहाणेच्या चाकावर बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर दिसतात, पोलादाच्या लांब आणि उजळ.

ताण कोठून जातो?

दुसरी पायरी याहून महत्त्वाची. व्हाइस आवळताना त्याच्या अंगात किती बळ उत्पन्न होते याची कल्पना पुष्कळांना नसते. समजा, मूठ मध्यापासून दहा इंच लांब आहे, दांड्याचे आटे पाव इंचाच्या अंतरावर आहेत आणि माणूस मुठीच्या टोकाला पंधरा किलोंचा जोर देतो. एका फेऱ्यात हात सुमारे त्रेसष्ट इंच फिरतो आणि जबडा केवळ पाव इंच सरकतो. म्हणजे जोर अडीचशे पट व्हावयास हवा. घर्षणात त्यातील मोठा वाटा जातो. तरीही चौथा-पाचवा हिस्सा हाती राहिला, तरी जबड्यांमध्ये साडेसातशे ते नऊशे किलोंचा दाब येतो. मुठीवर लांब नळी चढविली की तोच आकडा दुप्पट होतो!

हा दाब वस्तूवर पडतो, पण त्याची प्रतिक्रिया व्हाइसच्या अंगावर येते. दोन्ही जबडे एकमेकांपासून दूर लोटले जातात. त्यामुळे जबड्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, आणि सरकत्या भागाच्या तुळईत ताण उत्पन्न होतो, म्हणजे बीड जेथे दुबळे तेथेच. यास्तव मोडलेला व्हाइस हाती घेतला की "केवढा मोडला?" असे विचारण्याऐवजी "मोडलेल्या जागेतून आवळण्याचा ताण जातो काय?" असे विचारावे. हातभर लांबीची भेग निरुपद्रवी असू शकते, आणि बोटभर लांबीची भेग घातक.

तीन व्हाइस, तीन निर्णय

उदाहरणादाखल तीन व्हाइस मनाने बाकावर मांडून पाहू.

पहिल्याचा दांडा गंजून अडकला आहे, मूठ वाकली आहे, जबड्यांच्या पट्ट्या गुळगुळीत झाल्या आहेत आणि आतला नट झिजल्यामुळे मूठ बराच वेळ नुसतीच फिरते. दिसावयास हा सर्वांत वाईट. पण निर्णय सर्वांत सोपा. याची दुरुस्ती निःसंशय करावी. हे सर्व भाग झिजण्यासाठी आणि बदलण्यासाठीच केलेले असतात. गंजलेल्या आट्यांत तेल सोडून काही दिवस मुरू द्यावे. घाईने घण मारू नये. पट्ट्या पोलादाच्या असून बहुधा स्क्रूंनी बसविलेल्या असतात. त्या नव्या करून घेता येतात. नट आणि दांडा लेथवर कातून देणारा कारागीर मिळाला तर व्हाइस पुन्हा पहिल्यासारखा चालू लागतो. मुठीविषयी मात्र एक सावधगिरी हवी. अनेक व्हाइसांत ती मऊ पोलादाची असते. अतिरेकी जोर झाला तर आधी मूठ वाकावी आणि अंग वाचावे, हा तिचा हेतू. तिच्या जागी कठीण पोलादाचा लांब दांडा घालणे म्हणजे घराचा पहारेकरी काढून टाकणे होय.

दुसऱ्या व्हाइसच्या बैठकीचा एक कान, ज्यातून बोल्ट बाकात जातो तो, तुटला आहे. येथे बीडच तुटले, परंतु आवळण्याचा ताण या जागेतून जात नाही. ती केवळ व्हाइसला बाकाशी बांधून ठेवते. असा कान पितळी झाळाने जोडता येतो, किंवा खाली जाड पोलादी पट्टी देऊन वरून पकडीने दाबता येतो. ही दुरुस्तीही करण्यासारखी आहे. मात्र अशा व्हाइसवर पाईप वाकविण्यासारखी हिसका देणारी कामे करू नयेत.

तिसऱ्याच्या स्थिर जबड्याच्या मुळाशी एक तडा आहे. रंगाखाली तो दिसतही नाही. व्हाइस उत्तम चालतो, जबडे सरळ मिटतात, आणि वापरणारा म्हणतो, "याला काय झाले आहे?" याच्याच बाबतीत थांबावयास हवे. हा तडा नेमका ताणाच्या वाटेवर आहे. आज तो केसाएवढा आहे. उद्या कोणी जोराने आवळले तर जबडा निखळून पायावर पडेल, किंवा धरलेली वस्तू उसळेल.

असा लपलेला तडा शोधण्याच्या जुन्या रीती दोन. सुटा केलेला भाग दोरीला टांगून लहान हातोडीने हलकेच वाजवावा. निर्दोष बीड खणखणीत नाद देते, फुटलेले बद्द वाजते. कुंभाराचे मडके घेताना गृहिणी जे करते, तेच हे. दुसरी रीत अशी : जागा स्वच्छ करून तीवर रॉकेल लावावे, थोड्या वेळाने पुसून कोरडे करावे आणि खडूची पूड भुरभुरावी. भेगेत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटविते. जुना रंग काढताना तो कोरडा घासू नये. त्यात शिसे असण्याचा संभव असतो आणि ती धूळ मुलांना विशेष बाधते.

सांधणाऱ्याच्या भट्टीपाशी

ताणाच्या वाटेवरचा तडा सांधता येत नाहीच, असे नाही. परंतु त्याचा मार्ग खडतर आहे. भेगेच्या दोन्ही कडा खोलपर्यंत घासून दरी करावी लागते. सबंध ओतीव भाग सावकाश तापवावा लागतो, कारण एकच जागा तापविली तर शेजारचे थंड बीड नव्याने तडकते. मग निकेलयुक्त दांडीने वेल्डिंग करतात, किंवा सुमारे नऊशे अंश सेंटिग्रेड उष्णतेवर पितळी धातूने झाळतात. झाळताना बीड स्वतः वितळत नाही, म्हणून ही रीत बिडाला अधिक मानवते. शेवटी तो भाग कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर सावकाश निवू द्यावा लागतो. चटकन निवला तर जोडाशेजारचे बीड काचेसारखे कठीण होते आणि दुसऱ्या दिवशी जोडाला लागूनच नवी भेग दिसते.

एवढे करूनही दोन अडचणी उरतात. वर्षानुवर्षे तेल पिऊन बसलेल्या भेगेत झाळ नीट चिकटत नाही. शिवाय पूर्वी कोणी अर्धवट पितळ ओतून ठेवलेले असेल, तर त्या जागी चांगले वेल्डिंग होणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून "आधी आपणच करून पाहू, नाही जमले तर कारागिराकडे नेऊ" हा विचार बिडाच्या बाबतीत घातक ठरतो. पहिला प्रयत्न हाच उत्तम प्रयत्न असला पाहिजे.

मग खर्चाचा विचार येतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे होता कामा नये. जाणत्या कारागिराचे तास, तापविण्याचा गॅस, लेथचे काम आणि ने-आण यांची बेरीज करावी. आणि तेवढ्याच मापाचा, तितक्याच चांगल्या बनावटीचा जुना पण अभंग व्हाइस किती किमतीस मिळतो ते पाहावे. नव्या स्वस्त व्हाइसशी तुलना करू नये, कारण तो पुष्कळदा हलक्या ओतकामाचा असतो. पहिली रक्कम दुसरीहून कमी असेल तर दुरुस्ती हा शुद्ध व्यवहार आहे. ती अधिक असेल तर वरचा पैसा आठवणीसाठी जात आहे, हे घरातील सर्वांनी उघडपणे मान्य करावे. आठवणीसाठी पैसा खर्चणे गैर नाही. पण त्याला काटकसरीचे नाव देऊ नये. तिसरा मार्गही आहे. एकाच बनावटीचे आणि मापाचे दोन मोडके व्हाइस मिळाले, तर एकाचे अंग आणि दुसऱ्याचा दांडा घेऊन एक धड व्हाइस पुष्कळदा तयार होतो.

संग्रहालयाचा धडा

कॅसल हिल येथेच सिडनीच्या पॉवरहाऊस संग्रहालयाचे विस्तीर्ण भांडार आहे. १९४० च्या दशकात या जागेवर संग्रहालयाने निलगिरीच्या तेलाच्या अभ्यासासाठी झाडे लावली होती. २००७ पासून तेथील भांडार लोकांना पाहता येऊ लागले. यंत्रे, वाहने, अवजारे अशा असंख्य वस्तू तेथे जपल्या जातात. संग्रहालयाची दृष्टी कारखान्याच्या दृष्टीहून भिन्न असते. कारखान्यात वस्तू चालली पाहिजे. संग्रहालयात ती खरी राहिली पाहिजे. गंज पुढे वाढू नये इतपत उपचार करावयाचा, पण हातांनी गुळगुळीत झालेली मूठ, जबड्यावरील करवतीचे घाव, कोणी छिन्नीने कोरलेली आद्याक्षरे ही मिटवावयाची नाहीत. कारण वस्तूचा इतिहास त्यांतच असतो.

तिसऱ्या व्हाइसच्या घराला हा धडा फार उपयोगी आहे. कामाचा हक्क आणि आठवणीचा हक्क हे दोन निरनिराळे हक्क आहेत. जो व्हाइस काम करू शकत नाही त्याची आठवण जपता येते. पण ती जपण्यासाठी त्याला कामास जुंपणे हा त्याच्यावर आणि आपल्या मुलांवरही अन्याय आहे. असा व्हाइस स्वच्छ करावा, तेलाचा पातळ हात द्यावा, दांडा काढून ठेवावा म्हणजे तो कोणी चुकून आवळणार नाही, आणि कोणाचा, कोठला, कोणत्या कामाचा हे कागदावर लिहून त्याच्याशी ठेवावे. नाव नसलेले लोखंड तिसऱ्या पिढीत भंगारच होते.

फाळ आणि तोफा

आणि भंगारात देणे हेसुद्धा नेहमीच अपमानाचे नसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथे लोखंडी नांगर तयार केले. आरंभी लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो नांगर घेण्यास कचरत होते. पुढे त्यांना कळले की फाळ झिजला तर फाळ बदलावयाचा असतो, नांगर टाकावयाचा नसतो. पहिल्या व्हाइसचा न्याय तोच. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा किर्लोस्करांना वितळविण्यासाठी दिल्या. तोफांसारखी मानाची वस्तू भट्टीत गेली. पण तिचे नांगर झाले आणि शेते पिकली. बीड पुन्हा ओतता येते. ज्या व्हाइसला ना कामाचा उपयोग आहे, ना कोणाची ओळख, तो भट्टीत गेला तर त्याची विटंबना होत नाही.

निर्णयानंतर

दुरुस्त झालेल्या व्हाइसची काळजी थोडक्यात अशी. तो कोपराच्या उंचीवर बसवावा आणि त्याचा स्थिर जबडा बाकाच्या कडेच्या किंचित पुढे असावा, म्हणजे लांब वस्तू उभी धरता येते. मुठीवर नळी चढवू नये. त्याच्या अंगाचा ऐरणीसारखा उपयोग करू नये. वस्तू जबड्याच्या एकाच टोकाला धरावी लागली, तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा लाकडी तुकडा द्यावा. आट्यांतील कीस ब्रशने झाडून वंगण द्यावे. एवढे पाळले तर चांगला व्हाइस तीन पिढ्या पुरतो.

परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही परीक्षा घरातील मुलांसमक्ष व्हावी. आजी-आजोबांनी सांगावे, मुलाने कानस चालवून भुकटी पाहावी, मुलीने हातोडीने नाद ऐकावा, आणि मग सर्वांनी मिळून ठरवावे. गिरमिटावर गेलेल्या माणसांनी कराराचा कागद न वाचता त्यावर अंगठा उठविला होता. कारण तो वाचण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. त्यांच्या पुढच्या पिढीने लोखंड वाचावयास शिकून घेतले आणि त्या विद्येवर घर उभे केले. ती विद्या एखाद्या मोडक्या व्हाइसच्या निमित्ताने नातवंडांच्या बोटांत उतरली, तर तो व्हाइस शेवटी बाकावर राहिला, कपाटावर गेला, की भट्टीत पडला, याने फारसे बिघडणार नाही.